ट्रॅक्टरचं तोंड का उचलतं, ट्रॉली का डुलते: हुकाची मापं घेण्याची आणि बसवण्याची पद्धत

भरलेली ट्रॉली फडातून बाहेर निघताना ट्रॅक्टरची पुढची चाकं वीतभर वर आली, की दोष ड्रायव्हरच्या क्लचवर टाकून सगळे मोकळे होतात. मग बंपरवर दोन माणसं उभी करायची, नाहीतर पुढे दगडांची पोती बांधायची. ट्रॉली रस्त्यावर शेपटी मारायला लागली की टायरवाल्याकडे जायचं. दोन्ही ठिकाणी मूळ दोष बहुतेकदा एकच असतो आणि तो पाच मीटरच्या टेपने सापडतो: हूक किती उंच आहे, मागच्या एक्सलपासून किती मागे आहे, आणि त्याच्यावर ट्रॉलीचा किती भार येतो.

इंजिनाची ताकद इथे दुय्यम आहे. पन्नास एचपीचा ट्रॅक्टर सपाट रस्त्यावर स्वतःच्या चौपट वजन हलवतो. ते वजन सरळ मागे येईल का, वळणावर ऐकेल का आणि उताराला ढकलून पुढे येईल का, हे मात्र वरची तीन मापं ठरवतात.

आधी शब्द ठरवून घेऊ. ट्रॅक्टरच्या मागे पिन बसते तो हूक. ट्रॉलीच्या पुढे येतो तो दांडा, त्याच्या टोकाला कडी. दोन चाकी ट्रॉलीचा दांडा चासीला घट्ट जोडलेला असतो, म्हणून तिचा काही भार हुकावर बसतो. चार चाकी ट्रॉलीला पुढे टर्नटेबल (पुढचा एक्सल वळवणारी फिरती चकती) असतं आणि दांडा बिजागरीवर वरखाली हलतो, त्यामुळे तिचा भार हुकावर जवळजवळ येतच नाही, फक्त ओढ येते. दोघींचे आजार वेगळे आहेत. एकीचं औषध दुसरीला देऊ नये.

तीन अंतरं काय करतात

ट्रॅक्टर म्हणजे मागच्या चाकांवर टेकलेला तराजू. पुढच्या बाजूला इंजिनाचं वजन, मागच्या बाजूला हूक.

हुकावर खाली दाब आला की पुढचं टोक हलकं होतं. किती? दाब गुणिले हुकाचं मागच्या एक्सलपासूनचं अंतर, भागिले व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या एक्सलमधलं अंतर). हूक मागे ओढला गेला तरी पुढचं टोक हलकं होतं, तिथे ओढ गुणिले हुकाची जमिनीपासूनची उंची, भागिले व्हीलबेस. एवढी दोन गणितं पाठ असली तरी निम्मं काम झालं.

एक उदाहरण घेऊ. ट्रॅक्टर २२०० किलोचा, व्हीलबेस २ मीटर, पुढच्या एक्सलवर उभ्या अवस्थेत ८८० किलो. मागे दोन चाकी ट्रॉली, भरून ६००० किलो, हुकापासून तिच्या एक्सलपर्यंत ३.२ मीटर, सपाटीला हुकावरचा भार ७०० किलो. चढ १० मीटरला १ मीटर. ट्रॉलीचं वजन मागे खेचतं ६०० किलो, चाकांचा विरोध धरा १८० किलो, म्हणजे हुकावर ओढ ७८० किलो. चढाला ट्रॉलीचा भार थोडा मागे सरकतो, त्यामुळे हुकावरचे ७०० किलो साधारण ५५० वर येतात. ट्रॅक्टर स्वतः तिरका झाल्यामुळे त्याच्या पुढच्या एक्सलवरून आणखी ८० किलोच्या आसपास कमी होतात.

आता फक्त हुकाची जागा बदलून पाहू.

हूक मागच्या एक्सलच्या ४५ सेंमी मागे, उंची ४५ सेंमी: पुढे उरतात सुमारे ५०० किलो.
तोच हूक ५५ सेंमी उंचीवर: ४६० किलो.
तोच ७५ सेंमी उंचीवर: ३८५ किलो.
उंची ५५ सेंमीच, पण ट्रॉली हुकाला न लावता लोअर लिंकच्या (अवजार उचलणाऱ्या खालच्या दोन हातांच्या) भोकांच्या पट्टीला लावली, म्हणजे अंतर ८० सेंमी झालं: ३६५ किलो.

स्टिअरिंग ऐकण्यासाठी ट्रॅक्टरच्या वजनाच्या किमान २० टक्के भार पुढच्या एक्सलवर हवा. इथे तो ४४० किलो होतो. वरच्या दोन मांडण्या या रेषेच्या वर आहेत, खालच्या दोन खाली. आणि हे सगळं एका चालीने चढताना. क्लच झटक्यात सोडला, चाक खड्ड्यात अडकलं किंवा मागची चाकं ओल्या मातीत रुतली, की ओढ क्षणात वाढते आणि उरलेला भारही संपतो.

हूक मागच्या एक्सलच्या मध्यापेक्षा वर गेला, तर गोष्ट स्टिअरिंगपुरती राहत नाही. मग ट्रॅक्टर मागे उलटतो, आणि तो उलटायला साधारण दीड सेकंद लागतो. ड्रायव्हरला काही कळून क्लच दाबेपर्यंत तेवढा वेळ निघून गेलेला असतो. म्हणून टॉप लिंकच्या (अवजाराच्या वरच्या जोडाच्या) जागी, मडगार्डच्या अँगलला किंवा एक्सलच्या नळीला वरून साखळी गुंडाळून काहीही ओढायचं नाही. "दहाच फूट ओढायचं आहे" हे कारणही चालत नाही.

मोजायला काय लागतं

पाच मीटरचा टेप, ओळंबा, फूटभर लांबीची लेव्हल बॉटल, खडू, बारीक सुतळी, पिन मोजायला व्हर्निअर, टायरची हवा तपासायचं गेज, आणि वजनकाट्याची एक फेरी. गावातल्या धर्मकाट्यावर गर्दी नसताना गेलात तर अर्ध्या तासात काम होतं.

मापं भरलेल्या ट्रॉलीवर घ्यायची. रिकामी असताना पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) सरळ नसतात, टायर फुगलेले असतात, आणि दांडा जो समपातळीत दिसतो तो भरल्यावर तसा राहत नाही. एकाच एक्सलच्या दोन टायरमध्ये हवेचा फरक असेल तर आधी तो मिटवा. नाहीतर ट्रॉली एका बाजूला झुकते आणि त्याचं खापर हुकावर फुटतं.

पायरी १: हुकाची उंची आणि मागचं अंतर

ट्रॅक्टर सपाट फरशीवर किंवा डांबरी जागेवर उभा करा, हँडब्रेक लावा, चाकाला उटी (दगड किंवा ठोकळा) द्या. मागच्या चाकाच्या हबच्या मध्यावरून ओळंबा सोडून जमिनीवर खडूची खूण करा. दुसऱ्या चाकाचंही तसंच. दोन खुणा सुतळीने जोडा, ही मागच्या एक्सलची रेघ. आता हुकाच्या पिनच्या मध्यावरून ओळंबा सोडा. रेघ ते खूण हे मागचं अंतर. जमिनीपासून जिथे कडी टेकते तिथपर्यंत उंची. पुढच्या हबचीही खूण करून व्हीलबेस मोजा. मॅन्युअलमध्ये तो असतो, पण पुढचा एक्सल मागेपुढे सरकवण्याची सोय असलेल्या ट्रॅक्टरला प्रत्यक्ष मोजलेलाच धरावा.

हूक कुठे हवा? बहुतेक ४० ते ५५ एचपीच्या ट्रॅक्टरना ४० ते ५५ सेंमी उंची चांगली. ७० च्या वर असेल तर आधी तो खाली घ्या, मग बाकीचं बघा. मागच्या हाउसिंगवर (गिअर आणि एक्सलच्या कवचावर) बोल्ट केलेल्या हुकाला उंची बदलायला उभी भोकं असतात. बऱ्याच ट्रॅक्टरवर तो घेतला त्या दिवसापासून सर्वात वरच्या भोकात बसलेला असतो, कारण आधीच्या ट्रॉलीचा दांडा उंच होता. बोल्ट काढून एक भोक खाली घ्यायला वीस मिनिटं लागतात. त्याऐवजी लोक हजारो रुपयांची पुढची वजनं घेतात.

फार खालीही नको. ३५ सेंमीच्या खाली गेला की बांधावर, सरीत आणि ओढ्याच्या उतारावर हूक घासतो.

मागचं अंतर जितकं कमी तितकं बरं, पण टायरला दांडा लागता कामा नये. दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, मोठ्या टायरचा गोटा आणि दांड्याच्या तिरक्या चॅनेलमध्ये किमान १० ते १५ सेंमी मोकळं राहिलं पाहिजे. हे बघताना एक जण खाली, एक जण वर, आणि ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये रांगत. उभ्या ट्रॅक्टरचं स्टिअरिंग फिरवून हे कळत नाही.

लोअर लिंकच्या पट्टीवर रस्त्याची ट्रॉली लावू नये. अंतर जास्त असतं, हे एक. दुसरं म्हणजे चेक चेन (लिंक आडव्या झुलू न देणाऱ्या साखळ्या) सैल असल्या तर पट्टी डावी-उजवीकडे पाच-सात सेंमी झुलते आणि ट्रॉलीला डुलायला आयतं निमित्त मिळतं. नाइलाजाने शेतातल्या शेतात लावलीच, तर दोन्ही चेन ताणून घ्या, मधल्या भोकात पिन टाका आणि मोकळा पाळणा राहू देऊ नका. सरकता ड्रॉबार (डावी-उजवीकडे हलणारी ओढपट्टी) असेल तर रस्त्यावर त्याची अडकवणी मधल्या भोकातच हवी.

पायरी २: दांडा समपातळीत आहे का

भरलेल्या ट्रॉलीच्या दांड्यावर लेव्हल बॉटल ठेवा. दोन चाकी ट्रॉली असेल तर चासीवरही ठेवा.

दोन चाकी ट्रॉलीचं नाक वर असेल तर सगळा माल मागे झुकतो. वरच्या उदाहरणातली ट्रॉली घ्या. हूक २२ सेंमी जास्त उंच असेल तर ती सुमारे ४ अंशांनी मागे कलते. उसाच्या भाराचा मध्य एक्सलच्या साधारण एक मीटर वर असतो, तो ७ सेंमी मागे सरकतो, आणि हुकावरचा भार १३० किलोने कमी होतो. कागदावर ७०० किलो असलेला भार प्रत्यक्षात ५७० भरतो. भार मुळातच ३०० असेल तर चढाला तो शून्याजवळ येतो, कडी पिनमध्ये वरखाली आपटायला लागते आणि ट्रॉली ट्रॅक्टरला मागून उचलायला बघते.

चार चाकी ट्रॉलीत नाकाचा प्रश्न नसतो, पण दांड्याच्या तिरकेपणाचा असतो. हूक वर आणि टर्नटेबलची बिजागरी खाली असेल, तर ओढताना दांडा हुकाला खाली खेचतो. तोंड आणखी हलकं होतं. उताराला उलटं होतं, ट्रॉली मागून ढकलते ती तिरकी वरच्या दिशेने, आणि ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात. नेमकी ज्या चाकांना ब्रेक आहेत तीच. म्हणून दांडा समपातळीत हवा, फारतर हुकाकडचं टोक बोटभर खाली. हुकाकडे वर चढणारा दांडा दिसला की तो बदला.

बदलायचा कसा? हूक खाली घेणं हा पहिला मार्ग. ते शक्य नसेल तर कडीची प्लेट उलटी बसवून बघा. काही दांड्यांना कडी मध्यापासून वर-खाली बसवता येते. कडी कापून तिसऱ्याच उंचीवर वेल्ड करणं शेवटचा मार्ग, आणि तोही चांगल्या फॅब्रिकेटरकडे, दोन्ही बाजूंना प्लेट घालून. बसस्टँडमागच्या शेडमध्ये पाच मिनिटांत मारलेला वेल्ड रस्त्यावर सुटतो.

पायरी ३: हुकावरचा भार वजनकाट्यावर

दोन चाकी ट्रॉलीसाठीच. काट्याचा प्लॅटफॉर्म आणि जवळचा रस्ता एका पातळीत असेल असाच काटा निवडा.

पहिलं वजन: ट्रॅक्टर एकटा, चारही चाकं काट्यावर.
दुसरं: ट्रॅक्टरची फक्त पुढची चाकं काट्यावर.
तिसरं: ट्रॉली जोडून, ट्रॅक्टरची चारही चाकं काट्यावर, ट्रॉलीची चाकं बाहेर.
चौथं: ट्रॉली जोडून, फक्त पुढची चाकं काट्यावर.
पाचवं: ट्रॉलीची फक्त चाकं काट्यावर.

ड्रायव्हर प्रत्येक वेळी सीटवर, किंवा प्रत्येक वेळी खाली. आणि वजन घेताना ब्रेक सोडून ट्रॅक्टर न्यूट्रलला (उटी लावून), नाहीतर दांडा ताणलेला किंवा दाबलेला राहतो आणि आकडा खोटा येतो.

तिसऱ्यातून पहिलं वजा केलं की हुकावरचा भार. तो आणि पाचवा मिळून ट्रॉलीचं पूर्ण वजन. हुकावरचा भार त्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावा. आमच्या उदाहरणात ६००० ला ७००, म्हणजे सुमारे १२ टक्के. दुसऱ्यातून चौथं वजा केलं की पुढच्या एक्सलवरून किती गेलं ते समजतं, आणि चौथा आकडा स्वतःच सर्वात महत्त्वाचा आहे. सपाटीला तो ट्रॅक्टरच्या वजनाच्या ३० टक्क्यांच्या खाली असेल तर चढाला २० टक्क्यांच्या खाली जाईल, हे धरून चाला.

हुकाची ताकदही बघायची. ट्रॅक्टरच्या मॅन्युअलमध्ये हुकावर किती उभा भार चालतो ते दिलेलं असतं. १५ टक्क्यांच्या नादात ती मर्यादा ओलांडली तर हाउसिंगचे बोल्ट सैल होतात आणि गिअरचं तेल गळायला लागतं. मर्यादा आधी, टक्के नंतर. ट्रॉली त्यात बसत नसेल तर माल कमी भरा किंवा चार चाकी घ्या.

पायरी ४: माल कुठे रचायचा

हुकावरचा भार १० टक्क्यांच्या खाली आला तर ट्रॉली डुलते. मालाच्या वजनाचा मध्य ट्रॉलीच्या एक्सलच्या मागे गेला की ती स्वतःहून डुलत राहते, वेग वाढवला की जास्तच. दुरुस्ती सोपी आहे: ५०० किलो माल एक मीटर पुढे सरकवला की वरच्या ट्रॉलीत हुकावर साधारण १५५ किलो वाढतात. ६०० भरत असतील आणि ७५० हवे असतील, तर मागच्या थरातल्या तेवढ्या मोळ्या पुढे आणा.

उसात एक सवय नडते. मागची फळी नसते म्हणून मोळ्यांची टोकं मागे बाहेर लोंबतात आणि भरणारी टोळी शेवटचा थर मागूनच चढवते, कारण चढायची फळी मागे टेकलेली असते. शेवटचे दीडशे-दोनशे किलो नेहमी मागे आणि नेहमी सर्वात वर पडतात. भरताना पहिला थर पुढच्या फळीला दाबून सुरू करा, शेवटचा थर पुढून मागे उतरता ठेवा.

तेच एकूण वजन, तोच हुकावरचा भार, तरी एक ट्रॉली शांत आणि दुसरी डुलणारी असू शकते. जड माल दोन्ही टोकांना आणि मधे पोकळ असेल, तर ट्रॉली एकदा आडवी फिरायला लागली की थांबत नाही. मध्यात गोळा करून रचलेला माल लवकर सावरतो. सिमेंटची पोती, खताची पोती आणि पाण्याची टाकी एकत्र नेताना टाकी एक्सलच्या किंचित पुढे ठेवावी आणि पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी न्यावी. अर्धवट टाकीतलं पाणी वळणावर उलटं ढकलतं.

पायरी ५: पिन, कडी आणि साखळी

हे कंटाळवाणं आहे, पण रस्त्यावर ट्रॉली सुटते ती इथूनच.

पिन मापाची, डोकं असलेली, खाली लिंच पिनसाठी (पिन निसटू न देणाऱ्या खिळीसाठी) भोक असलेली. साधारण ३० ते ३२ मिमी जाडीची पिन बहुतेक हुकांना बसते. व्हर्निअरने तीन ठिकाणी मोजा: वरच्या जबड्यात, मधे कडी घासते तिथे, खालच्या जबड्यात. मधे ३ मिमी झीज दिसली की बदला. सळईचा तुकडा, नाहीतर गाडीचा जुना बोल्ट पिन म्हणून चालत नाही. सळई वाकते, आणि बोल्टच्या आट्यांच्या मुळाशी तडा जातो. पिन घट्ट बसावी म्हणून तिच्यावर वेल्डचे ठिपके देतात, त्यानेही पिन ठिसूळ होते.

कडी आणि पिनमध्ये नवीन असताना ३ ते ५ मिमी मोकळीक असते, ती लागतेच, कारण चर ओलांडताना दांडा वर-खाली आणि थोडा आडवा कलतो. ८ ते १० मिमीच्या पुढे गेली की प्रत्येक गिअरला धक्का बसतो आणि ट्रॉलीला तेवढी मोकळी डुलकी मिळते. कडी लांबट झाली आहे का, हे बोट फिरवून कळतं: पुढच्या कडेला आतून धार लागते.

तडा शोधायचा एक घरगुती मार्ग. कडीचा वेल्ड आणि हुकाचे कोपरे वायर ब्रशने साफ करा, डिझेल लावा, दहा मिनिटांनी फडक्याने कोरडं पुसा, वर खडू घासा. तडा असेल तर त्यात शिरलेलं डिझेल बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूत केसाएवढी काळी रेघ उमटते. ती दिसली तर त्या दिवशी ट्रॉली जोडायची नाही. वर दुसरा वेल्ड ओढून तडा झाकला जातो, जात नाही.

सुरक्षा साखळ्या दोन, दांड्याच्या खालून एकमेकींना छेदून, हुकाच्या ब्रॅकेटला. पिनला अडकवलेली साखळी पिनबरोबरच जाते. लांबी एवढी, की पूर्ण वळणावर ताणली जाणार नाही आणि कडी सुटलीच तर दांडा जमिनीला टेकण्याआधी साखळ्यांच्या झोळीत पडेल.

पायरी ६: उतार, ब्रेक आणि घडी

चढाला तोंड हलकं होतं, उताराला बूड. बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतो, म्हणून थांबताना ६००० किलो ट्रॅक्टरच्या मागून येतात. ताशी २० किमी वेगावरून दहा मीटरमध्ये थांबायचं म्हटलं तर हुकावर साधारण ९०० किलोचा धक्का बसतो. दहाला एकचा उतार असेल तर त्यात आणखी ६००. हूक ५५ सेंमीवर असेल तर एकट्या ९०० च्या धक्क्याने मागच्या चाकांवरचे २५० किलो पुढे जातात.

ट्रॉली सरळ मागे असेपर्यंत ते निभतं. ती १५ अंश वळलेली असेल तर ९०० तले २३० किलो हुकाला आडवे ढकलतात, आणि हूक मागच्या एक्सलपासून जेवढा लांब तेवढा ट्रॅक्टर जास्त फिरतो. लिंकच्या पट्टीवर लावलेली ट्रॉली त्याला हुकापेक्षा पावणेदोन पट जोराने फिरवते. मागची चाकं घसरली की कोन वाढतो, कोन वाढला की आडवा जोर वाढतो, आणि घडी पडते, म्हणजे ट्रॅक्टर आणि ट्रॉली एकमेकांवर दुमडतात. म्हणून ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर.

डाव्या-उजव्या ब्रेकची दोन पॅडल रस्त्यावर नेहमी पट्टीने जोडलेली हवीत. शेतात वळायला सोडलेली पट्टी रस्त्यावर तशीच राहते आणि घाईत एकाच पॅडलवर पाय पडतो. एकाच चाकाला ब्रेक लागला की वर सांगितलेली घडी पहिल्या क्षणापासूनच सुरू होते. उताराला न्यूट्रल टाकायचा नाही. ज्या गिअरने तो चढ चढला असता त्याच गिअरने उतरायचं, आणि तो गिअर वरच टाकायचा, मधे नाही.

पायरी ७: दोन ट्रॉल्या

साखर कारखान्याच्या रस्त्यावरच्या दुहेरी जोडीला दोन नियम. जड ट्रॉली ट्रॅक्टरजवळ, हलकी मागे. आणि पहिल्या ट्रॉलीच्या मागचा हूक तिच्या मागच्या एक्सलच्या जितका जवळ तितका चांगला. मागे लांब लोंबलेला हूक पहिल्या ट्रॉलीच्या प्रत्येक डुलकीला लांबवून दुसरीला देतो. ड्रायव्हरने स्टिअरिंगला दिलेला छोटा झटका दुसऱ्या ट्रॉलीच्या शेपटीला मोठा होऊन पोचतो, आणि ते त्याला आरशात उशिरा दिसतं.

वळणाचा हिशेबही करून ठेवावा. ट्रॅक्टरचा मागचा एक्सल ६ मीटर त्रिज्येने वळतोय असं धरा. हूक ५० सेंमी मागे, दांडे दीड मीटरचे, ट्रॉल्यांच्या दोन एक्सलमध्ये ३ मीटर, पहिलीचा मागचा हूक तिच्या एक्सलच्या ६० सेंमी मागे. सावकाश वळताना पहिलीचा मागचा एक्सल ५ मीटरवर चालतो आणि दुसरीचा ३.७५ मीटरवर. म्हणजे ट्रॅक्टर जिथून गेला त्याच्या सव्वादोन मीटर आतून दुसरी ट्रॉली जाते. चौकातला दुचाकीवाला नेमका तिथे उभा असतो.

टर्नटेबलला ग्रीस आठवड्यातून दोनदा, धुळीत रोज. कोरडं टेबल अडकतं आणि मग एकदम सुटतं, ट्रॉली त्या झटक्याने वाकडी होते. खूप सैल झालेलं टेबल उलट सरळ रस्त्यावर पुढची चाकं फडफडवतं. टेबलच्या दोन्ही कड्यांमध्ये पहार घालून उचला, वरखाली मोकळीक ठळक जाणवली तर मधली पिन आणि बुश बघा.

लक्षणावरून निदान

सरळ रस्त्यावर ठरावीक वेगाच्या वर डुलते, वेग कमी केला की शांत: हुकावरचा भार कमी, किंवा माल टोकांना. डुलायला लागली तर स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटर हळू सोडा, ब्रेकवर उभं राहू नका.
रिकामीसुद्धा डुलते: कडी-पिन झिजलेली, चेक चेन सैल, एका बाजूची हवा कमी, किंवा ट्रॉलीचा एक्सल तिरका. हुकापासून दोन्ही हबपर्यंत सुतळी धरा, फरक एक सेंमीच्या आत हवा.
फक्त चढाला स्टिअरिंग हलकं: हूक उंच, अंतर जास्त, किंवा चार चाकीचा दांडा हुकाकडे चढता.
फक्त उताराला मागची चाकं सरकतात: तोच चढता दांडा, किंवा न्यूट्रल.
गिअर बदलताना पाठीत धक्का: कडीची मोकळीक.

पुढची वजनं शेवटी. २० किलोच्या चार प्लेटा पुढच्या एक्सलच्या अर्धा मीटर पुढे लावल्या तर एक्सलवर ८० नाही, १०० किलो वाढतात. उपयोग आहे, पण ७५ सेंमीवरचा हूक ५५ वर आणला की साधारण ७५ ते ८० किलो फुकट मिळतात. बंपरवर माणसं कधीच नाहीत. ट्रॅक्टर उचलला की ती पुढे नाही, चाकाखाली पडतात.

रुतलेला ट्रॅक्टर दुसऱ्याने काढताना साखळी पुढच्या ट्रॅक्टरच्या खालच्या हुकाला आणि मागच्याच्या पुढच्या टो-हुकाला, किमान सहा मीटर लांब, म्हणजे ती फार तिरकी राहत नाही. नायलॉनचा दोर नको, तो ताणून तुटला की चाबकासारखा येतो. साखळीच्या दोन्ही बाजूंना कुणी उभं नको. आणि मागे निघता येत असेल तर आधी मागेच निघावं.

सगळं बसवल्यावर भरलेली ट्रॉली रिकाम्या सरळ रस्त्यावर ताशी १०, १५ आणि २० किमीने चालवून बघा. २० ला आरशात ट्रॉलीची मागची कड एका जागी दिसली, आणि १० वर हलका ब्रेक मारून ती सरळ थांबली, तर जोडणी ठीक. पहिल्या ५० किमीनंतर हुकाच्या ब्रॅकेटचे बोल्ट पुन्हा आवळा. रंग उडून गंजाची तांबडी पूड बोल्टच्या मुळाशी दिसली, तर तो बोल्ट हलतोय. तो आवळून भागत नाही, वॉशरसकट नवीन टाकावा लागतो.